‘गृहीतागमा’ : पदवीच्या मोलाचा एक विस्मृत प्रयोग

‘पदवी’ या शब्दाचा संस्कृतातील जुना अर्थ वाट, मार्ग असा आहे. पावलाशी जोडलेला हा शब्द पुढे स्थान, दर्जा, मान या अर्थांकडे सरकला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे विद्यापीठे आली तेव्हा त्यांनी परीक्षेअंती दिलेल्या सन्मानाचे तो नाव होऊन बसला. जे एके काळी चालण्याचे साधन होते ते मुक्कामाचे नाव झाले. अर्थांतराची अशी उदाहरणे भाषाभ्यासकास नवीन नाहीत. परंतु प्रस्तुत शब्दाच्या बाबतीत या अर्थांतरामागे एक व्यवहार दडलेला आहे, आणि त्या व्यवहाराचा हिशेब अद्यापि पुरा झालेला नाही. दरवर्षी जून महिन्यात आमच्या विभागाच्या दारात एखादा पालक उभा राहतो आणि संकोचाने विचारतो, “इतकी वर्षे नि इतका पैसा घालून पुढे काय?” या प्रश्नास आम्ही जी उत्तरे देतो ती बहुधा सुभाषितवजा असतात. विचारणाऱ्याचे त्यांनी समाधान होत नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही होत नाही.

या प्रश्नाचे उत्तर काढणे अवघड होण्याचे कारण असे की, पदवीमध्ये दोन भिन्न वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष संपादन केलेली विद्या, आणि दुसरी म्हणजे त्या विद्येवर सरकारने किंवा समाजाने उमटविलेली मान्यतेची मुद्रा. खर्च होतो तो दोहोंसाठी मिळून. त्यामुळे कोणत्या वस्तूची किंमत किती, हे सांगता येत नाही. ती निराळी काढावयाची तर विद्या तीच ठेवून मुद्रा तेवढी वगळली पाहिजे, आणि मग काय होते ते पाहिले पाहिजे. असा प्रयोग कोणी मुद्दाम करीत नाही. परंतु महाराष्ट्रात तो एकदा घडून गेला, आणि सुमारे पस्तीस वर्षे चालला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या ‘गृहीतागमा’ या पदवीची ही हकीकत आहे.

तीकडे वळण्यापूर्वी, जिच्याशी या पदवीची तुलना होत असे त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.ची पार्श्वभूमी थोडक्यात पाहिली पाहिजे. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८५७ च्या जुलै महिन्यात झाला. पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली आणि १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. ते चौघे होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या पदवीचे मोल विद्यापीठ स्थापन होण्याच्या आधीच ठरून गेले होते. लॉर्ड हार्डिंज याने १८४४ सालीच इंग्रजी शाळांत शिकलेल्यांस सरकारी नोकरीत अग्रक्रम द्यावा असा ठराव केला होता, आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने त्याच धोरणाला बळकटी आणली. मागणी करणारे सरकार, मोजमाप ठरविणारे सरकार, आणि पगार देणारेही सरकारच. अशा बाजारात पदवीची किंमत निश्चित असते, आणि ज्याची किंमत निश्चित असते त्यासाठी माणसे वाटेल तितका खर्च करावयास तयार होतात.

हा खर्च निव्वळ फीचा नव्हता. रानड्यांची दृष्टी विद्यार्थिदशेतच अधू झाली, हे सर्वश्रुत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर बत्तिसाव्या वर्षी गेले, काशीनाथ त्रिंबक तेलंग त्रेचाळिसाव्या, गोपाळ गणेश आगरकर एकोणचाळिसाव्या. या प्रत्येक मृत्यूचे खापर परीक्षांवर फोडणे अर्थातच अशास्त्रीय होईल. पण त्या काळच्या लोकांच्या मनात हा संबंध दृढ झाला होता. डॉ. भांडारकर कुलगुरू असताना, १८९४ साली, पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा प्रश्न उघडपणे चर्चेस आला आणि त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी या मृत्यूंच्या कारणांवर निबंध वाचला. पदवीची किंमत आयुष्याच्या वर्षांत मोजण्याचा महाराष्ट्रातील हा बहुधा पहिला गंभीर प्रयत्न होय. याच सुमारास मराठीत ‘नापास’ हा चमत्कारिक शब्दही रुळला. त्याचे पूर्वांग फारसी, उत्तरांग इंग्रजी, आणि अर्थ मात्र असा की त्याने कितीतरी मराठी घरांतील एखादी संध्याकाळ काळवंडून टाकली असेल.

स्त्रियांसाठी या पदवीचे दार प्रथम व्याकरणाने अडविले होते. विद्यापीठाचे नियम पुल्लिंगी सर्वनामांत लिहिलेले होते, तेव्हा स्त्री ही ‘उमेदवार’ होऊ शकते काय, असा प्रश्न उपस्थित झाला. अखेर १८८० नंतरच्या दशकात, नियमांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंगाचाही अंतर्भाव समजावा, असा निर्णय झाला. पुढे लवकरच डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. लिंगविचारावरून एखाद्या वर्गाचा शिक्षणाचा हक्क टांगणीला लागल्याचे याहून बोलके उदाहरण आमच्या माहितीत नाही.

आता कर्वे यांच्याकडे वळू. त्यांचे स्वतःचे शिक्षण हाच पदवीच्या खर्चाचा एक दाखला होता. १८५८ सालचा जन्म. बालपण कोकणात मुरूड येथे. १८७५ साली ते सार्वजनिक परीक्षेसाठी मुरुडाहून साताऱ्यास पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची ती पायपीट, मध्ये सह्याद्रीचा घाट. आणि पोहोचल्यावर, चेहऱ्यावरून वय लहान दिसते, एवढ्या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे ती परीक्षा ते कोल्हापुरास उत्तीर्ण झाले. परंतु इंग्रजीचा अभ्यास तेथून पुढे सुरू व्हावयाचा होता. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले ते १८८४ साली, सव्विसाव्या वर्षी. मधल्या काळात शिकवण्या करून पोट भरले. गणितात ज्याची बुद्धी चालते अशा मुलास गणितापर्यंत पोहोचण्यासाठी आधी एका परकीय भाषेचा डोंगर चढावा लागला, ही गोष्ट ते विसरले नाहीत.

पदवीचा उपयोग त्यांनी कसा केला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथील आजीव सभासदांनी पंचाहत्तर रुपये मासिक वेतनावर वीस वर्षे सेवा करावयाची, असा दंडक होता. आगरकरांनी एम.ए.च्या सुमारास आईस पत्र लिहून, मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे कळविल्याची गोष्ट मराठी वाचकास पाठ आहे. या मंडळींनी बाजारात निश्चित झालेली पदवीची किंमत जाणूनबुजून घेतली नाही. परंतु जी किंमत मिळू शकते ती नाकारणे ही एक गोष्ट, आणि जी मिळूच शकत नाही तिच्याविना चालविणे ही दुसरी. हा भेद कर्वे यांच्या पुढील कार्यात फार महत्त्वाचा ठरला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या लक्षात पुरेसा आला होता, असे आम्हांस वाटत नाही.

१८९६ साली स्थापन झालेला अनाथबालिकाश्रम १९०० साली हिंगण्यास गेला. तेथे येणाऱ्या विधवांपैकी अनेकींचे शिक्षण बाराखडीपासून सुरू करावे लागे. येथे काळाचा हिशेब निराळा पडतो. मुलगा सहाव्या वर्षी शाळेत गेला तर मॅट्रिकपर्यंतची वर्षे त्याला परवडतात. पण विशीतील विधवा ‘श्री’ गिरवू लागली, तर प्राथमिक मराठी, मग इंग्रजी, मग इंग्रजीतून इतर विषय, या क्रमाने मॅट्रिक होईतो ती तिशीत जावयाची आणि बी.ए. होईतो पस्तिशीकडे झुकावयाची. या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम फीची नाही, भोजनखर्चाचीही नाही. ती भाषेची आहे. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, आणि हा हिशेब त्यांनी बरोबर मांडला. इतर विषयांचे ज्ञान मातृभाषेतून द्यावे आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवावा, म्हणजे वर्षे वाचतील, हे त्यांचे उत्तर होते. त्यांच्या मेहुणी आणि आश्रमाच्या आधारस्तंभ पार्वतीबाई आठवले या १९१८ साली, जवळजवळ पन्नाशीस आल्या असताना, अमेरिकेस गेल्या. इंग्रजी शिकणे हा त्यांचा एक हेतू होता, आणि तेथे त्यांनी लोकांच्या घरी कामे करून निर्वाह केला. इंग्रजीची किंमत किती चढी होती हे समजण्यास एवढे पुरे.

विद्यापीठाची कल्पना जपानमधून आली. टोकियोत १९०१ साली निघालेल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्वे यांच्या हाती पडली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा तिच्या आधारे त्यांनी आपली योजना परिषदेपुढे ठेवली. १९१६ च्या जून महिन्यात भारतवर्षीय महिला विद्यापीठ पुण्यास स्थापन झाले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कुलपती झाले डॉ. भांडारकर, म्हणजे १८६२ च्या त्या चार पदवीधरांपैकी एक. आणि कुलगुरू झाले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजचे १८९९ चे सीनियर रँग्लर. मान्यताप्राप्त पदव्यांच्या शिखरावर असलेल्या दोन पुरुषांनी आपली नावे एका मान्यता नसलेल्या पदवीमागे उभी केली. सरकारी सनद नव्हती, तेव्हा ही नावेच सनदेच्या जागी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

सनदेचा प्रश्न तात्त्विक नव्हता. त्याच सुमारास बनारस हिंदु विद्यापीठ १९१५ च्या कायद्याने विधिमान्य होऊन निघाले. महिला विद्यापीठाच्या पाठीशी असा कायदा नव्हता. आपली योजना सरकारी संमतीसाठी अडवून न ठेवता ती आधी उभी करावी, मान्यता मागाहून येईल, अशी कर्वे यांची श्रद्धा होती. ती मान्यता यावयास पस्तीस वर्षे लागली.

पदव्यांच्या नावांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही. पहिल्या पदवीस ‘गृहीतागमा’ आणि पुढील पदवीस ‘प्रदेयागमा’ अशी नावे देण्यात आली, संक्षेपाने जी.ए. आणि पी.ए. दोन्ही बहुव्रीही समास आहेत. जिने आगम, म्हणजे शास्त्र, ग्रहण केले ती गृहीतागमा. जिने ते पुढे द्यावयाचे ती प्रदेयागमा. ‘बॅचलर’ आणि ‘मास्टर’ या शब्दांत युरोपातील मध्ययुगीन श्रेणींचे अवशेष आहेत. एकाचा अर्थ तर व्यवहारात ‘अविवाहित पुरुष’ असाही होतो. त्यांच्या तुलनेने ही मराठी-संस्कृत नावे विद्येचे घेणे आणि विद्येचे देणे एवढीच गोष्ट सांगतात. घेणे आधी, देणे नंतर. आणि दुसऱ्या नावातील ‘प्रदेय’ या कृदंतात कर्तव्याचा अर्थ आहे. जिने घेतले तिच्यावर देण्याचे ऋण आहे, असे ते नावच बजावते. शिवाय रूपाकडे पाहावे : दोन्ही नावे आकारान्त स्त्रीलिंगी आहेत. मुंबई विद्यापीठात पुल्लिंगात स्त्रीलिंग समाविष्ट समजण्याचा निर्णय घ्यावा लागला होता. येथे पदवीचे नावच असे घडविले की ते पुरुषास लावावयाचे तर शब्द बदलावा लागेल.

नावे उत्तम होती. चालली मात्र नाहीत. आठ मात्रांचे वजन असलेले दुर्बोध संस्कृत शब्द लोकांच्या तोंडी बसले नाहीत, म्हणून संक्षेप वापरावा लागला, आणि संक्षेप वापरताच ‘जी.ए. म्हणजे काय?’ हा प्रश्न आला. बी.ए. म्हणजे काय, हे कोणी विचारीत नसे. त्याचा पूर्ण शब्द ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यासही त्याचा अर्थ ठाऊक होता. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीत नसून वापरात असतो, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे पदवीच्या बाजारात सिद्ध झाले.

मान्यता नसल्याचा परिणाम पैशावरही झाला. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातुःश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. ही रक्कम सरकारी रोख्यांत होती, आणि तिचे साडेतीन टक्क्यांचे व्याज, वर्षास बावन्न हजार पाचशे रुपये, विद्यापीठाच्या खर्चास मिळावयाचे होते. एवढे झाले तरी कर्वे यांची वणवण संपली नाही. वयाची सत्तरी उलटल्यावर त्यांनी १९२९ पासून युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका असा प्रवास केला; आफ्रिकेत स्थायिक झालेल्या हिंदी कुटुंबांकडून वर्गणी गोळा केली. पदवीचा खर्च विद्यार्थिनीने द्यावयाचा की समाजाने, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या पायांनी दिले. एक गंमत सांगण्यासारखी आहे : ज्या पिढीच्या पदवीधरांच्या अल्पायुष्याची चिंता भांडारकर-रानडे करीत होते, त्याच पिढीतील हा पदवीधर एकशे चार वर्षे जगला.

आता मूळ प्रश्न. मुद्रेविना विद्येचे मोल किती ठरले? जी.ए. झालेल्या स्त्रीस सरकारी खात्यात बी.ए.च्या बरोबरीने उभे राहता येत नव्हते. तिला काम मिळावयाचे ते मुख्यतः विद्यापीठाशी संलग्न असलेल्या मुलींच्या शाळांत. या शाळा महाराष्ट्रात आणि गुजरातेत पसरत गेल्या. त्यांना शिक्षिका हव्या होत्या, आणि शिक्षिका या विद्यापीठातून येत. ‘प्रदेयागमा’ या नावातील ऋण असे फिटत गेले. एका छोट्या वर्तुळात ही पदवी खणखणीत चालली. वर्तुळाबाहेर पाऊल टाकताच ती समजावून सांगावी लागे. ज्या कुटुंबास मुलीच्या शिक्षणावर खर्च करण्याची ऐपत होती ते कुटुंब मुलीला फर्ग्युसनमध्ये किंवा विल्सनमध्ये धाडू लागले, आणि ज्यांना ऐपत नव्हती त्यांना मान्यतेची गरज अधिक होती. हा या प्रयोगातील खरा पेच होय.

कर्वे यांनी आपल्या योजनेत असे गृहीत धरले होते की बहुसंख्य स्त्रियांस गृहिणी आणि माता म्हणून विद्या हवी, म्हणून गृहशास्त्र आणि आरोग्य यांस अभ्यासक्रमात प्रमुख स्थान द्यावे. पण जिला पदवीची सर्वाधिक निकड होती ती गृहिणी नव्हती. हिंगण्याच्या आश्रमातून आलेल्या विधवेस मिळवते व्हावयाचे होते. तिच्या दृष्टीने पदवी म्हणजे अलंकार नव्हता, भाकरी होती. आणि भाकरीस मुद्रा लागते. महर्षींच्या कार्याविषयी नितांत आदर बाळगूनही, त्यांचा हिशेब काळाच्या बाबतीत अचूक आणि मान्यतेच्या बाबतीत चुकलेला होता, असा आमचा अभिप्राय आहे.

यावर कोणी म्हणेल की, दोष मान्यतेच्या अभावाचा नसून देशी भाषेचा होता. मराठीतून दिलेली उच्च पदवी कोणी मानलीच नसती. या आक्षेपास तत्कालीन इतिहासातच उत्तर आहे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि निजामाच्या राज्यात त्या पदवीस नोकरीचे दार मोकळे होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील मराठी तरुणांनी, उर्दू आपली मातृभाषा नसतानाही, त्या पदवीसाठी उर्दूत अध्ययन केले. हीच घटना जरा उलटी करून पाहिली तर भाषेचा आणि मान्यतेचा संबंध स्पष्ट होतो : मराठी मुलाने परक्या उर्दूतून पदवी घेतली, कारण तिच्यामागे राज्य होते, आणि मराठी मुलीस स्वतःच्या भाषेतून मिळालेली पदवी अपुरी पडली, कारण तिच्यामागे राज्य नव्हते. असहकाराच्या चळवळीत १९२० साली निघालेल्या गुजरात विद्यापीठाच्या ‘स्नातक’ पदवीची कथाही यासारखीच. मात्र तेथे मान्यता नाकारणे हाच व्रताचा भाग होता, म्हणून तिला मिळवण्याचे समाधान निराळे होते. महिला विद्यापीठातील मुलींनी असे व्रत घेतलेले नव्हते.

मुंबई विद्यापीठात मराठीची स्थिती तोवर काय होती, याचाही उल्लेख केला पाहिजे. १८६० नंतरच्या दशकात देशी भाषा तेथील उच्च अभ्यासक्रमातून बाजूस सारल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांना एम.ए.च्या परीक्षेत स्थान मिळाले त्यामागे रानड्यांचे दीर्घ प्रयत्न होते. म्हणजे ज्या वेळी मान्यताप्राप्त विद्यापीठात मराठी हा एक विषय म्हणून नुकता कोठे परतला होता, त्या वेळी मान्यता नसलेल्या विद्यापीठात इतिहास आणि मानसशास्त्र मराठीतून शिकविले जात होते. मराठीत परिभाषा नाही, म्हणून उच्च शिक्षण मराठीत शक्य नाही, हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. त्या वर्गांतून शिकविणाऱ्यांनी परिभाषेची वाट पाहिली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय भाषांतून उच्च शिक्षण देण्याचा पुरस्कार केला आहे; त्याच धोरणात चार वर्षांच्या पदवीचीही तरतूद आहे. एका हाताने वर्षे वाचविण्याचा आणि दुसऱ्या हाताने वाढविण्याचा हा योग कर्वे यांनी कसा पाहिला असता, याचे आम्हांस कुतूहल आहे.

१९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. मुंबई राज्याच्या विधिमंडळाने १९४९ साली त्यासंबंधी कायदा केला आणि १९५१ पासून ते विधिमान्य विद्यापीठ म्हणून काम करू लागले. टोकियोच्या ज्या संस्थेवरून कर्वे यांनी कल्पना घेतली, तिलाही कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९४८ साली. आदर्श आणि अनुकरण या दोहोंस दीर्घकाळ ताटकळत राहावे लागले. मुद्रा मिळाली, आणि मुद्रेबरोबर बी.ए., एम.ए. ही रूढ नावे आली. ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’ मागे पडल्या. आज मराठी वाचकांत ‘जी.ए.’ असा नुसता उच्चार केला, तर त्याला कथाकार जी. ए. कुलकर्णी आठवतात. विद्यापीठ मात्र चालू आहे, आणि त्यात दरवर्षी ज्या हजारो मुली प्रवेश घेतात त्या सर्व ‘बॅचलर’ होण्यासाठी येतात.